सॅम्पल कोड प्रोप्रायटरी प्रॉडक्टमध्ये घेताना: लायसन्स कसं तपासायचं, नोंद कशी ठेवायची

नवीन लायब्ररी हातात आली की आपण आधी तिचं सॅम्पल (ती कशी वापरायची हे दाखवणारा नमुना कोड) चालवून बघतो. ते चाललं की त्यातलाच तुकडा उचलून आपल्या प्रोप्रायटरी, म्हणजे सोर्स बंद ठेवून विकायच्या, प्रोजेक्टमध्ये टाकतो, व्हेरिएबलची नावं बदलतो आणि 'डेमोपुरतं आहे, नंतर नीट लिहू' असं म्हणून पुढे जातो. डेमो क्लायंटला आवडतो, त्याच कोडवर पुढचं काम सुरू होतं, आणि वर्ष-दीड वर्षाने तो तुकडा प्रॉडक्टमध्ये इतका मुरलेला असतो की कुणी, कुठून आणला हे टीममधल्या कुणालाच सांगता येत नाही. लायब्ररी घेताना निदान कुणीतरी विचारतं की लायसन्स काय आहे. सॅम्पलबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते 'शिकण्यासाठीच दिलेलं' असतं.

शिकण्यासाठी दिलेलं म्हणजे विकायला मोकळं, असं नसतं. सॅम्पलही कुणीतरी लिहिलेला कोड असतो आणि त्यावर लिहिणाऱ्याचा हक्क असतो. त्याचं लायसन्स कधी लायब्ररीसारखंच, कधी तिच्याहून सैल, तर कधी अगदीच निराळं असतं. हे तपासायला बहुतेक वेळा दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, फक्त ती कोड चिकटवण्याआधी द्यावी लागतात. प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल किंवा कंपनीची खरेदी-विक्री चालू असेल तर वकिलाकडे जायलाच हवं. रोजचे निर्णय मात्र प्रोग्रामरला स्वतःला घेता आले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्यासाठीच आहे.

## लायसन्स दिसत नसेल तर परवानगी नाही असं धरा

भारतात कॉम्प्युटर प्रोग्राम १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीच्या व्याख्येत मोडतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही की © हे चिन्ह लागत नाही. कोड लिहिला की हक्क आपोआप तयार होतो. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारामुळे परदेशी प्रोग्रामरच्या कोडलाही इथे संरक्षण मिळतं. त्यामुळे एखाद्या ब्लॉगवर कोड आहे आणि लायसन्सचा कुठेच उल्लेख नाही, तर सगळे हक्क लेखकाकडेच आहेत असं समजायचं. गिटहबवरच्या पब्लिक रेपोचंही (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्याचंही) तेच. गिटहबच्या अटींनुसार इतरांना तो रेपो बघता येतो आणि तिथल्या तिथे फोर्क करता येतो, म्हणजे त्याची प्रत काढता येते. तो कोड प्रॉडक्टमध्ये घालून विकण्याची मुभा त्या अटी देत नाहीत.

अशा वेळी लेखकाला सरळ विचारा. रेपोवर इश्यू उघडून 'या कोडला लायसन्स जोडाल का' एवढं नम्रपणे लिहिलं की बरेच जण लायसन्सची फाइल टाकून देतात, त्यांच्याकडून ती फक्त राहून गेलेली असते. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर तो कोड सोडून द्या.

पुण्या-मुंबईतल्या सर्व्हिसेस कंपन्यांसाठी इथे आणखी एक गोष्ट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या कोडची पहिली मालकी कंपनीची असते, आणि कंपनी पुढे करार करून ती क्लायंटकडे सोपवते. अशा करारांत सहसा 'हा कोड आमचा स्वतःचा आहे, त्यात तिसऱ्या कुणाचा हक्क नाही' अशी हमी आणि जोडीला नुकसानभरपाईचं कलम असतं. सॅम्पलमधून उचललेल्या तीस ओळी तुमच्या कंपनीच्या नाहीत, त्यामुळे त्यांची मालकी क्लायंटला देताच येत नाही. अगदी एमआयटीसारख्या सैल लायसन्सचा कोड असला, त्याच्या सगळ्या अटी पाळल्या असल्या, तरी तो क्लायंटला सांगितलेला नसेल तर ही हमी खोटी ठरते. म्हणून करारात 'ओपन सोर्स घटकांची यादी सोबत जोडली आहे, ते वगळून' अशी तरतूद करून घ्या आणि त्या यादीत सॅम्पलचे तुकडेही लिहा.

## आधी फाइल बघा, मग प्रोजेक्ट

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. रेपोच्या मुळाशी असलेली लायसन्स फाइल वाचून आपण 'हा प्रोजेक्ट अमुक लायसन्सचा' असं ठरवून टाकतो. बघण्याचा योग्य क्रम उलटा आहे. आधी त्या फाइलच्या डोक्यावरची कमेंट, मग ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथली लायसन्स किंवा रीडमी फाइल, आणि तिथे काहीच नसेल तर रेपोचं मूळ. कोडच्या जवळ जे लिहिलेलं असेल ते आधी धरायचं.

एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ लायब्ररीचं उदाहरण घ्या. लायब्ररी एलजीपीएल २.१ किंवा पुढच्या आवृत्तीची आहे आणि तिचे काही ऐच्छिक भाग जीपीएलचे आहेत (जीपीएल म्हणजे त्यातला कोड मिसळून प्रॉडक्ट बाहेर दिलं तर सगळा सोर्सही द्यायला लावणारं लायसन्स; एलजीपीएल हे त्याचं लायब्ररींसाठीचं सैल रूप). पण तिच्या डॉक फोल्डरमधल्या 'एक्झाम्पल्स' या फोल्डरात जाऊन फाइली उघडल्या, तर बहुतेकींच्या डोक्यावर एमआयटीचा मजकूर दिसतो. हे मुद्दाम केलेलं आहे, लोकांनी ते सॅम्पल बिनधास्त उचलावं म्हणून. क्यूटी या यूआय फ्रेमवर्कचंही तसंच: लायब्ररी एलजीपीएल, जीपीएल किंवा व्यावसायिक लायसन्सखाली मिळते, सॅम्पल मात्र तीन कलमी बीएसडी या सैल लायसन्सखाली. एस्प्रेसिफ या चिप कंपनीच्या ईएसपी-आयडीएफमध्ये मूळ फ्रेमवर्क अपाचे २.० चं आहे, आणि कितीतरी सॅम्पलच्या वर 'हा कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे, किंवा हवं तर सीसी-शून्य' (सगळे हक्क सोडून देणारं क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स) अशी ओळ आहे.

उलट टोकाला ग्नू रीडलाइन, कमांड-लाइनवर टाइप केलेली ओळ हाताळणारी. ती लायब्ररी जीपीएलची आणि तिच्यासोबतची सॅम्पलही जीपीएलचीच. तिथला फाइल मॅनेजरचा नमुना उचलून कमांड-लाइन प्रॉडक्टमध्ये टाकला आणि ते प्रॉडक्ट विकलं, तर सोर्स देण्याची अट थेट लागू होते.

सॅम्पल सैल आणि लायब्ररी कडक असेल तिथे लोक फसतात. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या एलईडी उघडझाप करणाऱ्या सॅम्पलवर 'पब्लिक डोमेन' असं लिहिलेलं असतं. ते सॅम्पल घेऊन तुम्ही काहीही करू शकता. पण ते ज्या कोअर लायब्ररीला हाक मारतं ती एलजीपीएलची आहे, आणि मायक्रोकंट्रोलरवर सगळं एकाच बायनरीत जोडलं जातं. आर्डुइनोची भूमिका अशी की व्यावसायिक फर्मवेअरमध्ये कोअर वापरलात म्हणून तुमचा सोर्स खुला करावा लागत नाही, पण ग्राहकाला लायब्ररीची सुधारित आवृत्ती पुन्हा जोडता यावी यासाठी ऑब्जेक्ट फाइली उपलब्ध करून द्याव्या लागतात. सॅम्पलवरची 'पब्लिक डोमेन' ही ओळ वाचून इथेच थांबणाऱ्याला ही अट कधी कळतच नाही. म्हणून सॅम्पलचं लायसन्स बघून झालं की त्यातली प्रत्येक इम्पोर्ट किंवा इन्क्लूड ओळ घेऊन तिचंही बघा.

डॉक्युमेंटेशनच्या साइटवरून कोड घेत असाल तर पानाच्या तळाशी जा. मजकुराचं आणि कोडचं लायसन्स तिथे बहुधा वेगवेगळं दिलेलं असतं. गूगलच्या डेव्हलपर साइटवर मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सचा आणि कोड अपाचे २.० चा असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशन रेपोंमध्ये मजकुरासाठी एक आणि कोडसाठी दुसरी अशा दोन लायसन्स फाइली सापडतात, आणि कोडची फाइल एमआयटीची असते. एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या डॉक्युमेंटेशन साइटवर २० ऑगस्ट २०१० पासूनची सॅम्पल सीसी-शून्यखाली आहेत, त्याआधीची एमआयटीखाली. पायथनने ३.८.६ या आवृत्तीपासून डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं शून्य-कलमी बीएसडीखालीही दिली आहेत, म्हणजे लेखकाचं नाव देण्याचीसुद्धा अट नाही. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस सॅम्पलच्या बऱ्याच रेपोंवर एमआयटीचा असाच बिन-श्रेयाचा प्रकार आहे.

ग्नू प्रकल्पाच्या मॅन्युअल मात्र जीएफडीएल या डॉक्युमेंटेशनच्या लायसन्सखाली असतात. ते लायसन्स कोडसाठी बनवलेलं नाही. त्याच्याच मजकुरात लेखकांना असं सुचवलेलं आहे की मोठी कोड-उदाहरणं असतील तर ती जीपीएलसारख्या लायसन्सखालीही द्यावीत. लेखकाने तसं केलं नसेल तर प्रोप्रायटरी प्रॉडक्टसाठी त्या उदाहरणांना हात न लावणं उत्तम.

## स्टॅक ओव्हरफ्लो

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रत्येक शब्द, कोडसकट, सीसी-बाय-एसए या लायसन्सखाली असतो. ८ एप्रिल २०११ पूर्वीचं लिखाण २.५ आवृत्तीखाली, तिथून २ मे २०१८ पर्यंतचं ३.० खाली आणि त्यानंतरचं ४.० खाली. अटी दोन: श्रेय द्या, आणि त्यावरून बनवलेली कृती लोकांना दिलीत तर त्याच लायसन्सखाली द्या. प्रोप्रायटरी प्रॉडक्टला अडचण होते ती दुसऱ्या अटीची. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्वतःच सांगते की आमची लायसन्स सॉफ्टवेअरसाठी वापरू नका. तरीही तिथल्या कोडला आज तेच लागू आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कोडपुरतं एमआयटी लागू करण्याचा प्रस्ताव साइटने मांडला होता, पण बराच विरोध झाला आणि तो अमलात आला नाही.

माझा नियम साधा आहे. एखादं फंक्शन कसं बोलवायचं एवढंच दाखवणारी ओळ-दोन ओळी असतील तर घ्या आणि वर उत्तराची लिंक टाका. त्याहून मोठं, स्वतःचा विचार असलेलं उत्तर असेल तर ते समजून घ्या, टॅब बंद करा आणि स्वतः लिहा. तोच कोड हवाच असेल तर लेखकाला विचारा. कोड त्याचाच असल्यामुळे तो तुम्हाला दुसऱ्या लायसन्सखालीही देऊ शकतो, आणि अनेकांनी आपल्या प्रोफाइलवर तसं आधीच लिहून ठेवलेलं असतं.

लिंक टाकण्याचा फायदा निव्वळ कायद्यापुरता नाही. बाइट्सचा आकडा वाचता येईल अशा रूपात दाखवणारं जावाचं एक उत्तर २०१० मध्ये तिथे आलं आणि हजारो रेपोंमध्ये कॉपी झालं. २०१९ मध्ये त्याच्या लेखकानेच जाहीर केलं की त्यात चूक आहे: ९,९९,९९९ बाइट्स दिले तर एक मेगाबाइटऐवजी '१०००.० किलोबाइट' असं छापलं जातं. ज्यांच्या कोडवर लिंक होती त्यांना दुरुस्ती कुठे करायची ते शोधता आलं. बाकीच्यांच्या कोडमध्ये ती चूक बेवारस पडून आहे.

## 'दहाच ओळी तर आहेत'

ओळींचा असा कुठलाही जादूचा आकडा कायद्यात नाही. दहा ओळींचा जो नियम ऐकू येतो तो बहुधा एलजीपीएलमधून आलेला आहे. त्यात हेडर फाइलींमधले दहा ओळींपर्यंतचे छोटे इनलाइन फंक्शन तुमच्या ऑब्जेक्ट फाइलीत आले तर चालतं असं म्हटलं आहे. ती सवलत त्या लायसन्सपुरती आणि हेडरपुरती आहे, सॅम्पलला ती लागू होत नाही. ग्नूच्या मेंटेनरांसाठीच्या सूचनांमध्ये सुमारे पंधरा ओळींचा उल्लेख येतो, पण तो योगदान देणाऱ्यांकडून कागदपत्रं कधी घ्यायची हे ठरवण्यापुरता.

ओरॅकल विरुद्ध गूगल खटल्यात ॲरेच्या मर्यादा तपासणारं 'रेंजचेक' नावाचं नऊ ओळींचं फंक्शन गाजलं. जावा बनवणाऱ्या सन कंपनीत काम केलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलेल्या त्या ओळी पुढे अँड्रॉइडमध्ये सापडल्या. न्यायाधीश विल्यम अल्सप स्वतः प्रोग्रामिंग करत आणि असा कोड आपण कितीतरी वेळा लिहिल्याचं त्यांनी कोर्टात बोलून दाखवलं. तरीही २०१२ मध्ये ज्यूरीने त्या नऊ ओळींपुरतं उल्लंघन झालं असाच निर्णय दिला आणि अपील कोर्टाने तो कायम ठेवला. भरपाई शून्य ठरली, पण नऊ ओळी 'क्षुल्लक' ठरल्या नाहीत.

दुसऱ्या बाजूला, कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यातच स्पष्ट केलं आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात कॉपीराइटसाठी किमान काही सर्जनशीलता हवी असंही म्हटलं गेलं. त्यामुळे सॉकेट उघडणं, पत्ता बांधणं, ऐकत बसणं हा क्रम एपीआयनेच (लायब्ररीला हाक मारायच्या ठरलेल्या पद्धतीनेच) ठरवून दिलेला असतो, तिथे दुसऱ्या तऱ्हेने लिहायला फारसा वावच नसतो. अशा ओळींबद्दल झोप उडवून घेऊ नका. लेखकाने पर्यायांतून निवड केलेली दिसते तिथे थांबायचं: एरर कशा हाताळल्या, थ्रेड कसे वाटले, डेटा कशा रचनेत ठेवला.

## अटी प्रत्यक्षात काय करायला लावतात

एमआयटी आणि बीएसडी ही लायसन्स प्रोप्रायटरी प्रॉडक्टला पूर्ण चालतात. मुख्य अट एकच, मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. बीएसडी तर स्पष्टच म्हणतं की बायनरी दिलीत तरी तो मजकूर डॉक्युमेंटेशनमध्ये छापा. अपाचे २.० मध्ये त्यापुढे जाऊन बदललेल्या फाइलींवर 'बदल केला आहे' असं लिहावं लागतं आणि मूळ प्रोजेक्टची नोटीस फाइल असेल तर तिचा मजकूर पुढे न्यावा लागतो. बदल्यात पेटंटची परवानगी मिळते, जी सीसी-शून्यमध्ये मिळत नाही. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये नव्या कोडसाठी सीसी-शून्य स्वीकारणं थांबवलं ते याच कारणाने.

या साध्या वाटणाऱ्या अटी मोडल्या तर काय होतं, ते जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात दिसलं. खेळण्यातल्या रेल्वे चालवणाऱ्या जेएमआरआय या मोफत प्रोजेक्टमधल्या डिकोडरच्या व्याख्या-फाइली एका व्यावसायिक प्रॉडक्टमध्ये लेखकांची नावं गाळून वापरल्या गेल्या. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने म्हटलं की लायसन्समधली श्रेयाची अट ही परवानगीचीच अट आहे, ती मोडली तर कॉपीराइटचं उल्लंघन होतं. कोड फुकट मिळत होता, हा बचाव चालला नाही.

मोझिला पब्लिक लायसन्स (एमपीएल) २.० फाइलपुरतं असतं. त्या फाइलीतले बदल खुले करावे लागतात, शेजारची तुमची फाइल तुमचीच राहते. म्हणून एमपीएलचं सॅम्पल घेतलंत तर ते वेगळ्या फाइलीत ठेवा, आपल्या फाइलीच्या मधोमध चिकटवू नका.

जीपीएलबद्दल भीती आणि बेफिकिरी, दोन्ही जास्त आहेत. जीपीएलचं सॅम्पल प्रॉडक्टमध्ये मिसळलं आणि ते प्रॉडक्ट बाहेर दिलं, तर ती पूर्ण कृती सोर्ससकट जीपीएलखाली द्यावी लागते. प्रोप्रायटरी राहायचं असेल तर हे चालत नाही, विषय संपला. पण तो कोड चुकून आत आला म्हणून तुमचा सगळा सोर्स आपोआप खुला होतो, हा समज खरा नाही. झालेलं असतं ते लायसन्सचं आणि म्हणून कॉपीराइटचं उल्लंघन. त्यावर दावा होऊ शकतो, विक्री थांबवली जाऊ शकते, भरपाई मागितली जाऊ शकते. तो कोड काढून टाकायचा की अटी पाळायच्या, हा निर्णय तुमच्या हातात राहतो.

'बाहेर देणं' म्हणजे काय हेही नीट ठरवा. कंपनीच्या आतच वापरलेल्या टूलला जीपीएलची सोर्स देण्याची अट लागत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेलाही लागत नाही. मात्र सॅम्पल एजीपीएलचं असेल आणि तुम्ही ते बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलं, तर लागते. मोबाइल ॲप, फर्मवेअर, ब्राउझरमध्ये जाणारं जावास्क्रिप्ट, क्लायंटला दिलेली बिल्ड, हे सगळं बाहेर देणंच. 'आमचं तर वेब ॲप आहे' म्हणणाऱ्या टीमचा निम्मा कोड ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उतरत असतो, हे कुणाच्या लक्षातच नसतं.

## चिकटवताना

उचललेला कोड शक्यतो स्वतंत्र फाइलीत ठेवा आणि डोक्यावर अशी कमेंट लिहा:

मूळ: एफएफएमपेग, डॉक/एक्झाम्पल्स, (फाइलचं नाव), (कमिटचा हॅश)
कॉपीराइट: (मूळ ओळ, जशीच्या तशी)
लायसन्स: एमआयटी; पूर्ण मजकूर थर्ड-पार्टी नोटिसेस फाइलीत
बदल: लॉगिंग काढलं, एरर कोड आपल्या पद्धतीने परत केले

कमिटचा हॅश (कोडच्या त्या नेमक्या आवृत्तीची खूण) विसरू नका. प्रोजेक्टची लायसन्स बदलतात, फाइली हलतात, ब्लॉग बंद पडतात. तुम्ही कोड घेतला त्या दिवशी तिथे कोणतं लायसन्स होतं हे हॅशवरून सिद्ध करता येतं. वेब पान असेल तर पानाची प्रत साठवा. आणि ही नोंद कोड आणण्याच्याच कमिटमध्ये करा. आयात केलेला मूळ कोड एका कमिटमध्ये आणि आपले बदल पुढच्या कमिटमध्ये ठेवले तर नंतर गिट ब्लेमवरून दोन्ही वेगळे दिसतात.

मग तो मजकूर ग्राहकापर्यंत पोचतो का ते पाहा. मोबाइल ॲपमध्ये सेटिंग्जच्या आत 'ओपन सोर्स लायसन्सेस' असं पान असतं, तिथे घाला. स्क्रीन नसलेल्या उपकरणासाठी छापील मॅन्युअल. फ्रंट-एंडवाल्यांनी एक गोष्ट स्वतः तपासावी: मिनिफाय करताना (कोड आकसून छोटा करताना) कमेंट उडून जातात. /*! अशी उद्गारचिन्हासह सुरू होणारी कमेंट बहुतेक टूल वाचवतात, आणि वेबपॅक ५ तर त्या गोळा करून वेगळ्या लायसन्स फाइलीत काढतं. ती फाइल सर्व्हरवर चढवायला विसरलात तर एमआयटीची एकमेव अटसुद्धा मोडते. प्रॉडक्शन बिल्ड उघडून त्यात मूळ लेखकाचं नाव शोधा. सापडलं तर ठीक.

## लायसन्स जमत नसेल तर नव्याने लिहा

नव्याने लिहिणं म्हणजे नावं बदलणं, लूपचा प्रकार बदलणं किंवा पायथनमधून गोमध्ये उतरवणं नव्हे. भाषांतर करून घेतलेला कोडही मूळ कोडवरच बेतलेला राहतो. ज्याने सॅम्पल वाचलं आहे त्याने ते काय करतं एवढंच साध्या भाषेत लिहावं: इनपुट काय, आउटपुट काय, कोणत्या चुका होऊ शकतात. ज्याने ते पाहिलेलं नाही त्याने लायब्ररीचं अधिकृत एपीआय डॉक्युमेंटेशन घेऊन लिहावं. टीम दोघांचीच असेल तरी हे जमतं. आणि खूपदा असं लिहिलेलं जास्त चांगलं निघतं, कारण सॅम्पलमध्ये एरर हाताळणी मुद्दामच कमी ठेवलेली असते.

## चिप कंपन्यांची सॅम्पल

एम्बेडेड आणि ऑटोमोटिव्हमध्ये काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. चिप कंपनीच्या एसडीकेमधला (चिपसाठी सॉफ्टवेअर लिहायला दिलेल्या संचातला) कोड गिटहबवर खुला दिसतो, सोर्स हातात असतो, पण तो ओपन सोर्स असेलच असं नाही. नॉर्डिकच्या पाच कलमी लायसन्सचा मजकूर वरवर बीएसडीसारखा दिसतो, पण त्यात एक कलम असं आहे की हा कोड नॉर्डिकच्याच चिपसोबत वापरायचा. एसटी या चिप कंपनीच्या काही घटकांवरही तशीच अट आहे, तर त्यांचे हॅल (चिपचं हार्डवेअर हाताळणारे) ड्रायव्हर तीन कलमी बीएसडीचे आहेत, म्हणजे एकाच पॅकेजमध्ये दोन्ही प्रकार. चिपचा तुटवडा आला की घाईने दुसऱ्या कंपनीची चिप बसवली जाते आणि जुन्या सॅम्पलमधून आलेलं ब्लूटूथचं फंक्शन तसंच पुढे जातं. चिप बदलण्याच्या चेकलिस्टमध्ये 'जुन्या एसडीकेमधून घेतलेला कोड' अशी एक ओळ घालून ठेवा.

## कोपायलट आणि मंडळी

एआयने लिहून दिलेला कोड कुणाचा, यावरचे वाद अजून चालू आहेत. कोड सुचवणाऱ्या गिटहब कोपायलट या एआय टूलविरुद्धचा अमेरिकेतला दावा नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखल झाला. तोवर व्यवहार्य काम हे: पब्लिक कोडशी जुळणारी सूचना अडवण्याची सेटिंग कंपनी पातळीवर चालू करा. ती सुमारे १५० अक्षरांच्या तुकड्याची तुलना करते, त्यामुळे छोट्या जुळण्या निसटतात. एखादं नेमकं, प्रसिद्ध अल्गोरिदम मागितलंत आणि कमेंटसकट तयार कोड आला, तर त्यातली एखादी ओळ शोधून बघा.

## जे आधीच आत आलं आहे

पॅकेज मॅनेजरच्या यादीवर चालणारे स्कॅनर चिकटवलेला कोड पाहू शकत नाहीत, कारण तो कुठल्याच डिपेंडन्सी यादीत नसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबीओएमची (सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीची) तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि अशी यादी मागणारे ग्राहक आता वाढत जातील. पण आपोआप तयार होणाऱ्या त्या यादीत सॅम्पलचे तुकडे येत नाहीत, ते हाताने घालावे लागतात. स्कॅनकोड आणि फॉसॉलॉजी ही मोफत टूल फाइलींमध्ये उरलेले कॉपीराइट आणि लायसन्सचे मजकूर पकडतात. कमेंट उडवून चिकटवलेला कोड शोधायचा तर स्कॅनओएससारखं तुकडे जुळवणारं टूल लागतं. त्याआधी एक स्वस्त शोध घ्या: सगळ्या रेपोत 'स्टॅक ओव्हरफ्लो', 'कॉपीड फ्रॉम', 'बेस्ड ऑन' आणि 'एक्झाम्पल' यांचं इंग्रजी स्पेलिंग ग्रेप करा, म्हणजे शोधा. यातून बरंच काही निघतं.

सापडलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे तीनपैकी एक निर्णय लिहा: अटी पूर्ण करणं, काढून नव्याने लिहिणं, किंवा लेखकाकडून परवानगी घेणं. बाहेर गेलेल्या आवृत्त्यांमध्ये जीपीएलचा कोड असेल तर उशीर करू नका. जीपीएल २ मध्ये उल्लंघन होताच हक्क संपतात. जीपीएल ३ मध्ये, पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तर हक्क परत मिळतात. लिनक्स कर्नलच्या अनेक डेव्हलपरांनी २०१७ मध्ये तीच सवलत आपल्या जीपीएल २ च्या कोडलाही देऊ केली. आणि ज्याने तो कोड आणला त्याला धारेवर धरू नका, नाहीतर पुढच्या वेळी लोक लिंक टाकायचंच बंद करतील.

## तुमचं प्रॉडक्ट स्वतः सॅम्पल देत असेल तर

प्रोप्रायटरी एसडीकेसोबत सॅम्पलचं फोल्डर जातं आणि संपूर्ण पॅकेजवर एकच करार असतो: 'कॉपी, बदल, पुनर्वितरण मना'. मग ग्राहकाने ते सॅम्पल स्वतःच्या ॲपमध्ये चिकटवलं की तो तुमचाच करार मोडतो, आणि त्याच्या वकिलाला ते दिसलं तर खरेदी अडते. सॅम्पलच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र लायसन्स फाइल ठेवा. शून्य-कलमी बीएसडी किंवा बिन-श्रेयाचं एमआयटी सगळ्यात सोयीचं, पेटंटचा प्रश्न असेल तर अपाचे २.०. मुख्य करारात 'सॅम्पल फोल्डर वगळून' असं लिहा. प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्स या लायसन्सच्या प्रमाण नावांच्या यादीतली लायसन्स ओळख टाका, कारण ग्राहक फोल्डर नाही, एकच फाइल उचलतो. आणि ते सॅम्पल तुमच्या टीमने लिहिलं तेव्हा कुठून काय घेतलं होतं, हे रिलीजच्या आधी वरच्याच क्रमाने तपासा. तुमच्या सॅम्पलमध्ये राहिलेला जीपीएलचा तुकडा तुमच्या प्रत्येक ग्राहकाच्या प्रॉडक्टमध्ये जाऊन बसतो, आणि तिथून तो परत काढणं तुमच्या हातात राहत नाही.